काडातली साखर बाहेर काढायची कशी? बायोइथेनॉलची खरी अडचण कुठे आहे

कापणी झाल्यावर शेतात जे उरतं ना, गव्हाचं काड, भाताचा पेंढा, मक्याची धाटं, किंवा रस काढून उरलेलं उसाचं चिपाड, झालंच तर लाकडाचा भुसा, या सगळ्याच्या कोरड्या वजनातला निम्म्याहून जास्त भाग साखरेचा असतो. हे पटकन पटत नाही कारण काड चावलं तर गोड लागत नाही, पाण्यात टाकलं तर विरघळत नाही आणि महिनोन् महिने गंजीत पडून राहिलं तरी त्याचं अल्कोहोल होत नाही. पण साखर असते, फक्त घट्ट बांधलेली. कचऱ्यापासून इथेनॉल करायचं म्हणजे ही बांधलेली साखर सोडवायची, यीस्टला खाऊ घालायची आणि यीस्टने केलेलं अल्कोहोल पाण्यातून वेगळं काढायचं, काम म्हणून बघितलं तर एवढंच.

यातलं आंबवणं माणसाला हजारो वर्षांपासून येतं. डिस्टिलेशनही जुनंच आहे. साखर सोडवणं मात्र स्वस्तात आणि मोठ्या प्रमाणावर अजून नीट जमलेलं नाही, आणि या विषयावर वाचायला मिळतं त्यात बहुतेक भर यीस्टवर आणि आंबवायच्या टाक्यांवर असतो, प्रीट्रीटमेंट, म्हणजे साखर सुटावी म्हणून आधी काड ढिलं करून घ्यायचं काम, एका ओळीत उरकतात. मला हे उलटं करून सांगायचंय कारण माझ्या मते या सगळ्या उद्योगाचं नशीब प्रीट्रीटमेंटच्या रिॲक्टरमध्येच ठरतं, तिथे जे कराल त्याचं देणं पुढच्या प्रत्येक टाकीत फेडावं लागतं.

आधी साखर अडकते कशी ते बघू. मक्याच्या दाण्यातला स्टार्च आणि मक्याच्या धाटातलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच लांब साखळ्या. कडी तीच, जोड वेगळा. स्टार्चमधला जोड अल्फा प्रकारचा, त्यामुळे साखळी गुंडाळत जाते, सैल राहते, गरम केली की पाणी आत शिरतं आणि अगदी आपल्या लाळेतलं एन्झाइमसुद्धा तिचे तुकडे करतं. सेल्युलोजमधला जोड बीटा प्रकारचा, तिथे प्रत्येक पुढचा ग्लुकोज आधीच्याच्या उलटा बसतो, त्यामुळे साखळी सरळ, ताठ, चपटी होते, आणि अशा साखळ्या शेजारी शेजारी आणि एकावर एक इतक्या चिकटून बसतात, हायड्रोजन बंधांनी आपापसात अशा बांधल्या जातात, की मध्ये पाण्याचा रेणू शिरायलाही जागा राहत नाही. पाणीच शिरत नाही तिथे एवढं मोठं एन्झाइम कुठून शिरणार?

बरं, हे झालं नुसतं सेल्युलोज. झाडात ते एकटं नसतं. डोळ्यांसमोर डांबर चढवलेला जाड दोरखंड आणा. आतले ताठ धागे म्हणजे सेल्युलोज, त्या धाग्यांना एकमेकांत गुंतवून ठेवणारे फाटेफुटे असलेले आखूड तंतू म्हणजे हेमीसेल्युलोज, आणि वरून आतपर्यंत मुरलेलं डांबर म्हणजे लिग्निन. पीक आणि जात बदलते तसं प्रमाण बदलतं, पण ढोबळमानाने सेल्युलोज ३५ ते ५० टक्के, हेमीसेल्युलोज २० ते ३५ टक्के, लिग्निन १० ते २५ टक्के. लिग्निनमध्ये साखर नसतेच, ती बेंझिनच्या कड्यांची वेडीवाकडी जोडणी, झाडाला उभं ठेवायला आणि किडीबुरशीपासून वाचवायला. झाडाने कोट्यवधी वर्षं खपून स्वतःचं अंग कुणी खाऊ नये म्हणून जी तटबंदी उभी केली ती आपल्याला काही मिनिटांत, थोड्या पैशात आणि आतली साखर न जाळता फोडायची आहे. अवघड का आहे ते एवढ्यावरूनच कळेल.

साखर निघू शकते हे माहीत होऊन तसे दोनशे वर्षं झाली. १८१९ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो याने कापडाच्या चिंध्या आणि लाकूड तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये घालून त्यातून साखर काढून दाखवली होती. पुढे महायुद्धांच्या काळात लाकडापासून अल्कोहोल काढणारे कारखानेही चालले. पण ॲसिडच्या जोरावर सगळं फोडायचं तर साखर जेवढी निघते तेवढी जळतेही, यंत्रं गंजतात, ॲसिड परत मिळवायचा खर्च वेगळाच, त्यामुळे युद्ध संपलं आणि तेल स्वस्त झालं की यातले बहुतेक बंद पडले. म्हणून आजची पद्धत दोन टप्प्यांची आहे, आधी प्रीट्रीटमेंटने तटबंदी नुसती ढिली करायची आणि मग साखळ्या तोडायचं नाजूक काम एन्झाइमवर सोडायचं.

आता प्रीट्रीटमेंटकडे येऊ. पहिलं काम कुट्टी करणं आणि माती-खडे काढणं. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण फार बारीक दळायला गेलं तर वीजच एवढी खर्च होते की पुढे मिळणाऱ्या इंधनातला मोठा वाटा इथेच संपतो, त्यामुळे सेंटिमीटरच्या आसपासचे तुकडे करून थांबतात.

त्यानंतर सगळ्यात जास्त वापरात असलेले रस्ते दोन. एक म्हणजे पातळ ॲसिड, साधारण अर्धा ते दोन टक्के सल्फ्युरिक ॲसिडचं पाणी, १४० ते १९० अंश सेल्सिअस, काही मिनिटं ते अर्धा तास. दुसरा म्हणजे स्टीम एक्स्प्लोजन, हा मला सगळ्यात जास्त आवडतो. ओलं काड बंद रिॲक्टरमध्ये घालायचं, वाफ सोडून तापमान २०० अंशांच्या आसपास न्यायचं, म्हणजे आत साधारण १५ बारचा दाब तयार होतो, पाचदहा मिनिटं तसंच ठेवायचं आणि मग झडप एकदम उघडून सगळा माल खालच्या टाकीत फेकायचा. दाब क्षणात उतरतो, तंतूंच्या आत शिरलेल्या पाण्याची जागच्या जागी वाफ होते आणि तंतू आतून फाटतात. पिवळंधमक आत गेलेलं काड बाहेर येतं ते गर्द तपकिरी, ओलसर, बोटांत चुरगळणारं.

पण खरी गंमत स्फोटात नाही, त्याच्या आधीच्या पाचदहा मिनिटांत आहे. हेमीसेल्युलोजवर जागोजागी ॲसिटिल गट लटकलेले असतात, गरम पाण्यात ते सुटतात आणि त्यांचं ॲसिटिक ॲसिड होतं, म्हणजे वरून थेंबभर ॲसिड न घालताही काड स्वतःच आंबट होतं आणि ते ॲसिड मग हेमीसेल्युलोजचेच तुकडे करायला लागतं. हेमीसेल्युलोज विरघळून निघून गेलं की सेल्युलोजभोवती पोकळ्या तयार होतात, पुढे एन्झाइमला शिरायची वाट ती हीच. लिग्निन या तापमानाला मऊ होतं, वाहतं, आणि थंड होताना बारीक बारीक थेंबांच्या रूपात तंतूंवरच परत बसतं. म्हणजे डांबर गेलं नाही, गोळा होऊन बाजूला सरकलं. तेवढ्यानेही पुष्कळ काम होतं. सोडा किंवा चुना वापरणाऱ्या पद्धती याच्या उलट लिग्निनलाच विरघळवतात आणि हेमीसेल्युलोज बरंचसं शाबूत ठेवतात, अमोनिया वापरणारी पद्धतही आहे, पण तिथे रसायन परत मिळवण्यावर सगळं गणित अवलंबून असतं.

मग तापमान आणखी वाढवलं, जास्त वेळ ठेवलं, तर जास्त फुटेल की? फुटतं. तापमान १० अंशांनी वाढवलं तर तोच परिणाम जवळपास निम्म्या वेळात मिळतो, असा या क्षेत्रात एक ढोबळ हिशेब वापरतात. पण सुटलेली साखर गरम ॲसिडमध्ये तशीच पडून राहते ना. हेमीसेल्युलोजमधून मुख्यतः झायलोज सुटतं, ते जास्त वेळ तापलं की त्यातलं पाणी निघून त्याचं फरफ्युरल होतं. ग्लुकोजचं तसंच हायड्रॉक्सिमिथिल फरफ्युरल होतं. लिग्निनचे तुकडे पडून फिनॉल जातीची द्रव्यं पाण्यात येतात. म्हणजे एकीकडे साखर कमी झाली आणि दुसरीकडे जे तयार झालं ते यीस्टला विष. दुहेरी नुकसान. आणि बेतानं घ्यायला गेलात, तापमान कमी ठेवलंत, तर काड अर्धवट बंदच राहतं आणि पुढे एन्झाइम दुप्पट ओतावं लागतं. प्रत्येक पिकाला, प्रत्येक ओलाव्याला हा मधला बिंदू वेगळा असतो, आणि काड तर प्रत्येक गठ्ठ्यात वेगळं येतं. प्रयोगशाळेतल्या एका सुंदर आकड्यावरून कारखान्याचं भाकीत का करता येत नाही याचं एक मोठं कारण हे आहे.

आता एन्झाइम. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे तंबू आणि सुती सामान भराभर कुजायला लागलं. शोध घेतल्यावर जी बुरशी हाती लागली तिच्यावर नेटिक इथल्या लष्करी प्रयोगशाळेत एल्विन रीझ आणि मेरी मँडेल्स यांनी वर्षानुवर्षं काम केलं, आणि पुढे रीझ यांच्यावरूनच तिला ट्रायकोडर्मा रीझी हे नाव मिळालं. कापूस वाचवायला सुरू झालेलं संशोधन उलटं फिरलं, जी बुरशी सुती कापड इतक्या सराईतपणे खाते तिच्याकडून साखर का करून घेऊ नये? सेल्युलोज तोडणारी औद्योगिक एन्झाइम्स आजही मोठ्या प्रमाणावर त्याच बुरशीच्या वंशजांकडून येतात.

हे एन्झाइम एक नसतं, टोळी असते. एक जण साखळीच्या मध्येच कुठेतरी घाव घालतो, दुसरा मोकळ्या झालेल्या टोकाला धरून पुढे सरकत दोन दोन ग्लुकोजच्या जोड्या कापत जातो, तिसरा त्या जोडीचे दोन सुटे ग्लुकोज करतो. तिसरा मागे पडला तर जोड्या साचतात आणि साचलेल्या जोड्या दुसऱ्याचं काम थांबवतात. ग्लुकोज साचलं तर तिसराही मंदावतो. शिवाय २०१० मध्ये आणखी एका प्रकारच्या एन्झाइमचं काम उलगडलं, ते तांब्याचा अणू वापरून ऑक्सिडेशनने थेट घट्ट स्फटिकी पृष्ठभागावरच चरे पाडतं, आणि त्यानंतरच्या तयार मिश्रणांत त्याचा वापर सुरू झाला, परिणाम बरेच सुधारले.

तरीही स्टार्चच्या मानाने इथे एन्झाइम कित्येक पट जास्त लागतं आणि दोन-तीन दिवस जातात. का, तर मघाशी लिग्निनचे थेंब तंतूंवर परत बसले म्हणालो ना, एन्झाइम त्यांना चिकटतं आणि वाया जातं. प्रीट्रीटमेंटचं देणं फेडायचं म्हणतो ते हे.

अजून एक अडचण फार कमी सांगितली जाते, ती म्हणजे घट्टपणा. आंबवून झाल्यावर द्रावणात वजनाने निदान ४ टक्के इथेनॉल तरी हवं, त्याखाली डिस्टिलेशनला लागणारी वाफ परवडत नाही. त्यासाठी आधी ८ टक्क्यांच्या वर साखर हवी, आणि त्यासाठी टाकीत १५ ते २० टक्के घन माल घालावा लागतो. आता काड पाणी पिऊन घेतं, त्यामुळे २० टक्क्यांना टाकीत वाहतं पाणी दिसतच नाही, नुसता चिखल. तो ढवळणार कसा, त्यात एन्झाइम सारखं पसरवणार कसं? काही तासांनी साखळ्या तुटून तो हळूहळू पातळ होतो, पण ते पहिले तास ज्याला निभावता येतात त्यालाच पुढचं जमतं.

आंबवणं आता तुलनेने सोपं. यीस्ट १८० ग्रॅम ग्लुकोजमधून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड करतं, म्हणजे साखरेच्या वजनाच्या ५१ टक्क्यांच्या वर कुणीही जाऊ शकत नाही, निसर्गाचीच मर्यादा आहे ती. चांगल्या चालणाऱ्या टाकीत या मर्यादेच्या नव्वद टक्क्यांवर सहज पोचता येतं.

प्रश्न झायलोजचा. ती पाच कार्बनची साखर, काडातल्या साखरेतला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त तिचाच, आणि आपलं नेहमीचं यीस्ट तिचं इथेनॉल करूच शकत नाही. ती सोडून दिली तर कच्च्या मालाचा एवढा मोठा वाटा सांडपाण्यात. यावर पहिला मोठा उपाय फ्लोरिडा विद्यापीठातल्या लॉनी इन्ग्रॅम यांनी काढला, झायमोमोनास नावाच्या जीवाणूतली इथेनॉल करणारी जनुकं त्यांनी ई. कोलाय जीवाणूत घातली, कारण ई. कोलाय सगळ्या प्रकारच्या साखरा खातो. १९ मार्च १९९१ ला अमेरिकेचं पन्नास लाखावं पेटंट मिळालं ते याच शोधाला. नंतर पर्ड्यू विद्यापीठात नॅन्सी हो यांनी यीस्टमध्येच झायलोज पचवणारी जनुकं बसवली. आणि नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी वेगळाच रस्ता धरला, हत्तीच्या लिदीत सापडलेल्या पायरोमायसीस नावाच्या बुरशीचं एक जनुक यीस्टमध्ये घातलं आणि ते चाललं. काड खाऊन जगणाऱ्या प्राण्याच्या पोटातच काड पचवायचं उत्तर मिळावं हे मला फार सुंदर वाटतं.

तरी झायलोज शेवटीच संपतं. यीस्टच्या पेशीत शिरायचे दरवाजे दोन्ही साखरांना तेच, आणि ते ग्लुकोजला आधी आत घेतात. ग्लुकोज संपेपर्यंत टाकीत इथेनॉल वाढलेलं असतं, वरून ते ॲसिटिक ॲसिड. हे ॲसिड आम्लधर्मी द्रावणात पेशीच्या पडद्यातून अलगद आत जातं, आत जाऊन सुटं होतं, आणि पेशीला आपला पीएच सांभाळायला सगळी ताकद प्रोटॉन बाहेर फेकण्यात घालवावी लागते. दमलेल्या यीस्टसमोर सगळ्यात अवघड साखर शेवटी येते, अशी ती परिस्थिती. फरफ्युरलचं यीस्ट काही तासांत कमी विषारी अल्कोहोल करून टाकतं, पण तोवर वाढ थांबलेली असते.

एन्झाइमला ५० अंश आवडतात आणि यीस्टला ३० ते ३५. काही ठिकाणी दोन्ही कामं वेगळ्या टाक्यांत करतात, काही ठिकाणी एकाच टाकीत ३७ अंशांच्या आसपास तडजोड करतात. एकाच टाकीचा फायदा म्हणजे साखर सुटेल तशी यीस्ट खाऊन टाकतं, त्यामुळे ती साचून एन्झाइमला अडवत नाही. तोटा असा की एन्झाइम संथ चालतं.

डिस्टिलेशनबद्दल थोडक्यात, साध्या डिस्टिलेशनने ९५.६ टक्क्यांपुढे जाता येत नाही कारण त्या प्रमाणात पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळतात. उरलेलं पाणी झिओलाइट नावाच्या छिद्राळ खनिजाच्या गोळ्यांतून जाताना अडकतं, त्यांची छिद्रं एवढी बारीक की पाण्याचा रेणू आत जातो आणि इथेनॉलचा जात नाही.

आता हिशेब करू. एक टन पूर्ण कोरडं काड घ्या, त्यात ३८० किलो सेल्युलोज आणि २५० किलो हेमीसेल्युलोज धरू. सगळं सुटलं आणि सगळं आंबलं तर पहिल्यातून साधारण २७० लिटर आणि दुसऱ्यातून १८० लिटर, मिळून ४५० लिटर. हा कागदावरचा कमाल आकडा. प्रत्येक टप्प्यावर १० टक्के जरी गेलं तरी प्रीट्रीटमेंट, एन्झाइम, आंबवणं अशा तीन टप्प्यांत सत्तावीस टक्के गायब होतात. झायलोज नीट जमलं नाही तर आणखी. पानिपतच्या इंडियन ऑइलच्या प्लांटचं उदाहरण घ्या, १० ऑगस्ट २०२२ ला त्याचं उद्घाटन झालं तेव्हा वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा आणि त्यातून तीन कोटी लिटर इथेनॉल असा अंदाज जाहीर झाला होता, म्हणजे टनाला १५० लिटर. शेतातून येणारा पेंढा कोरडा नसतो आणि भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर, ते वजन साखर देत नाही. त्यामुळे कुणी टनामागे अमुक लिटर म्हणालं तर आधी विचारायचं, कोरड्या टनाचं म्हणताय का ओल्या, आणि त्यात झायलोज धरलंय का.

मोठ्या कारखान्यांचा अनुभव याच गोष्टी सांगतो. इटलीतल्या क्रेशेंटिनोचा कारखाना २०१३ मध्ये मोठ्या आशेने सुरू झाला, २०१७ मध्ये बंद पडला, मग मालक बदलून २०२२ मध्ये परत चालू झाला. अमेरिकेत आयोवा राज्यात ड्यूपाँटने २०१५ मध्ये मक्याच्या धाटांवर चालणारा कारखाना उघडला आणि दोन वर्षांत विकायला काढला. रोमानियातला क्लॅरियंटचा कारखाना २०२३ च्या शेवटी बंद करायचं ठरलं. प्रत्येकाची कारणं वेगळी, काही ठिकाणी मूळ कंपनीच पैशाच्या अडचणीत होती, पण या उद्योगात सगळीकडे ऐकू येणारी तक्रार एकच, घन माल दाबाखालच्या रिॲक्टरमध्ये सतत ढकलणं. काडाबरोबर वाळू येते, ती स्क्रू घासून टाकते, ओला भुसा तोंडाशी दाबून बसतो, वाट चोकअप होते, आणि प्रीट्रीटमेंट थांबली की मागेपुढे सगळंच थांबतं. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, चालणाऱ्या ब्राझीलच्या कारखान्यांना इथे थोडं सोपं जातं कारण चिपाड आधीच धुऊन, चिरडून, एका जागी गोळा झालेलं असतं.

शेवटी उरतं लिग्निन. ते वाळवून बॉयलरमध्ये घालतात आणि त्यावर कारखान्याची बरीचशी वाफ आणि वीज निघते, तसं केलं तरच एकूण ऊर्जेचं गणित चांगलं दिसतं. कोळसा जाळून काडाचं इथेनॉल करण्यात काही अर्थ नाही. पण भाताच्या पेंढ्यातलं पोटॅश आणि सिलिका बॉयलरच्या नळ्यांवर काचेसारखा थर चढवतात, त्यामुळे तिथेही निवांतपणा नाही.

आणि एक गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते, शेतातला सगळा कचरा हा कचरा नसतो. काड जमीन झाकतं, धूप थांबवतं, सेंद्रिय कर्ब देतं, भाताच्या रोपातलं बहुतेक पोटॅश पेंढ्यातच असतं. उताराच्या, कमी कर्बाच्या जमिनीतून फारसं उचलता येत नाही, सपाट आणि भरघोस उत्पन्नाच्या जमिनीतून बरंच उचलता येतं, जिथे नाहीतर पेटवूनच देतात तिथे प्रश्न वेगळा. कारखान्याची क्षमता ठरवताना आजूबाजूच्या शेतांतून मातीला धक्का न लावता किती टन मिळतील, ते काही आठवड्यांच्या हंगामात गोळा होऊन वर्षभर पाऊस आणि आगीपासून सांभाळता येतील का, हे आधी मोजावं लागतं, आणि रिॲक्टरचा आकार त्यानंतर.